चित्रपटांचा जीर्णोद्धार आणि पाठशुद्धी

गेल्या पावसाळ्यात नाशिक येथे आमच्या एका स्नेह्यांच्या घरी तीन-चार कुटुंबे जमली असता एक लहानसा वाद उपस्थित झाला. निमित्त अगदी क्षुल्लक होते. पन्नासएक वर्षांपूर्वीचा एक रंगीत मराठी चित्रपट सर्वांनी मिळून पाहावयाचा होता, आणि त्याच्या दोन तबकड्या घरात निघाल्या. एक बरीच वर्षे कपाटात पडलेली, दुसरी अलीकडे 'नव्याने उजळलेली प्रत' म्हणून मुद्दाम आणलेली. पहिल्या तबकडीत नायिकेचा शालू डाळिंबी दिसे. दुसरीत तोच शालू जांभळा दिसू लागला. घरातील इंजिनिअर चिरंजीवांचे म्हणणे पडले की, नवी प्रत मूळ निगेटिव्हवरून केली असल्यामुळे जांभळाच रंग खरा. स्नेह्यांच्या मातोश्रींनी मात्र ठासून सांगितले, "शालू डाळिंबीच होता. चित्रपट लागला त्या आठवड्यात मी तो पाहिला आहे, आणि लुगड्याचा रंग मी विसरत नाही." अर्ध्या तासाने चित्रपट बाजूला राहिला आणि वादच काय तो शिल्लक उरला.

हा वाद सोडून देण्याजोगा नाही, असे आम्हांस त्या दिवसापासून वाटत आहे. जुने चित्रपट आज बहुतेकांच्या दृष्टीस पडतात ते चित्रमंदिरात नव्हे, तर घरात. घरच्या पडद्यावर जे दिसेल तेच पुढील पिढीच्या लेखी मूळ होऊन बसते. आपल्या आजोबांनी जे पाहिले तेच आपण पाहत आहो, असा मुलांचा भाबडा विश्वास असतो. तो विश्वास कितपत सार्थ आहे, आणि तो सार्थ राहावा म्हणून जुनी चित्रे उजळणाऱ्यांनी कोणता धर्म पाळावा, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाही. तो इतिहासाचा आहे.

जुन्या वस्तूला नवे आयुष्य देण्याच्या दोन निराळ्या रीती आपल्याकडे पूर्वापार आहेत आणि त्यांना आपल्या भाषेत दोन निराळे शब्दही आहेत. पहिली जीर्णोद्धाराची. त्र्यंबकेश्वरी जुन्या देवळाच्या जागी नानासाहेब पेशव्यांनी काळ्या पाषाणाचे भव्य मंदिर उभारण्यास घेतले, तेव्हा जुन्या देवळाचा चिरा जसाच्या तसा का राखला नाही, असे कोणी विचारले नसेल. देवळात देव नांदता राहावा, पूजा अखंड चालावी, हा जीर्णोद्धाराचा हेतू. मोडके काढून नवे घालणे हा त्यात दोष नसून पुण्यच होय. दुसरी रीत पाठशुद्धीची. त्याच गोदेच्या काठी खाली पैठणास एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांत लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी काढले. परंतु आपली एकही ओवी आत घातली नाही, आणि पुढे कोणी घालू नये अशी ताकीदही दिली. एकनाथांना ओव्या रचता येत नव्हत्या असे तर कोणी म्हणणार नाही! ज्याला सर्वांत सुंदर भर घालता आली असती त्यानेच हात आवरला, हे त्या कामाचे खरे मोठेपण.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, चित्रपट ही वस्तू देवळाच्या जातीची नसून पोथीच्या जातीची आहे. आणि आज पुष्कळ ठिकाणी पाठशुद्धीच्या नावाखाली तिचा जीर्णोद्धार चालला आहे.

या विचारास नाशिकइतके योग्य स्थळ दुसरे नाही. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही उभे आहे. परंतु ते चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रंगांच्या छपाईतील माणूस होते, याची आठवण थोड्यांनाच असते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. पुराणवस्तू खात्यात त्यांनी नक्षानवीस व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. पुढे लोणावळ्याच्या परिसरात राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी ठसे तयार करण्याचे काम त्यांनी केले. आणि १९०९ साली ते जर्मनीस गेले ते तिरंगी छपाईची विद्या व यंत्रे आणण्याकरिता. तांबडा, पिवळा व निळा या तीनच शाया एकीवर एक नेमक्या बसल्या की जगातील यच्चयावत् रंगांचा भास होतो, आणि त्यांतील एक शाई केसभर सरकली की लक्ष्मीच्या मुखावर दुसरी सावली पडते, हे ज्याने हाताने अनुभवले होते, त्या गृहस्थाने पुढे आयुष्यभर काळीपांढरी चित्रे घेतली!

रविवर्म्यांचा छापखाना येथे केवळ प्रसंगाने आलेला नाही. १८९४ साली निघालेल्या या छापखान्याने जे केले तेच आजची तबकडी करीत आहे. राजवाड्यांच्या दिवाणखान्यांतील तैलचित्र त्याने मध्यम वर्गाच्या माजघरात आणि देवघरात आणून टांगले. एका चित्राला अनेक शिळा लागत. प्रत्येक रंगाची शिळा निराळी. कोणत्या छटेस कोणती शिळा द्यावयाची हे चित्रकार ठरवीत नसे, शिळेवर काम करणारा कारागीर ठरवी. घरोघर जी सरस्वती पूजिली गेली ती अशा कारागिरांच्या हातची होती. मूळ चित्राशेजारी छापील चित्र ठेवून पाहणारा हजारांत एखादाच. म्हणून रंग खरे की खोटे हा वाद तेव्हा उठला नाही. आज मात्र तीच गोष्ट चित्रपटांच्या बाबतीत घडत असता दोन्ही प्रती एकाच घरात सापडतात, आणि आजीबाई व नातू परस्परांसमोर उभे राहतात.

आता फाळक्यांच्या चित्रांकडे वळू. काळ्यापांढऱ्या चित्रात रंगांच्या खरेपणाचा प्रश्न कोठून आला, असे वाचक म्हणतील. तो येतो, आणि एका मार्गाने नव्हे, तीन मार्गांनी येतो.

पहिला मार्ग खुद्द फितीचा. त्या काळची कच्ची फीत निळ्या व हिरव्या प्रकाशास जागी, पण तांबड्यास जवळजवळ आंधळी असे. त्यामुळे निळे आकाश पांढरे फटक उमटे आणि तांबडी वस्तू काळी. तारामतीच्या कपाळीचे कुंकू पडद्यावर काळ्या टिकलीसारखे दिसते ते यामुळे. त्यात वेशभूषा करणाऱ्याची चूक नाही. आता कोणी संगणकाच्या साहाय्याने त्या चित्रात रंग भरावयास बसला, तर त्याच्यापुढे कोणता पुरावा असेल? एकच करडी छटा तांबड्या वस्त्राची असेल किंवा गडद तपकिरी वस्त्राची असेल. फीत दोहोंची एकच साक्ष देते. तारामतीचे काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांच्या अंगावर त्या दिवशी कोणत्या रंगाचे लुगडे होते, हे त्या फितीला विचारून कधीच कळणार नाही.

दुसरा मार्ग रंगविलेल्या प्रतींचा. मूकपट सर्वस्वी काळेपांढरे असत हा समज चुकीचा आहे. तयार प्रत रंगाच्या पाण्यात बुडवून काढण्याची रीत जगभर रूढ होती: रात्रीच्या प्रसंगास निळा, दिव्याच्या उजेडास पिवळसर, आगीस तांबडा. फ्रान्सच्या पाथे कंपनीत तर ख्रिस्तचरित्रासारख्या चित्रपटांच्या चौकटीचौकटींवर कातीव ठशांनी रंग चढविण्याकरिता स्त्री-कारागिरांचा ताफाच बाळगलेला असे. आणि फाळक्यांना चित्रपटाचा ध्यास लागला तो मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील असाच एक चित्रपट पाहून. पुढे जुन्या ज्वालाग्राही फितीवरील चित्रे टिकाऊ फितीवर उतरविण्याची वेळ आली, तेव्हा जगातील बहुतेक संग्रहालयांनी ती काळ्यापांढऱ्या फितीवर उतरविली. मूळ प्रतीत रंगाची झाक असली तरी नकलेत ती उतरत नसे. विश्वामित्राच्या यज्ञज्वाळांत सापडलेल्या तीन शक्तींचा प्रसंग, किंवा 'लंकादहना'तील आग, ही आज कोणी तांबडी करून दाखविली तर ती शोभेल खरी. पण शोभणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

तिसरा मार्ग वेगाचा. तो रंगाचा नसला तरी प्रतीच्या खरेपणाचाच आहे. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३७०० फुटांचा होता. एका फुटात १६ चौकटी बसतात. हाताने फिरवावयाच्या यंत्राने सेकंदास १६ चौकटी या गतीने तो दाखविला तर तासाहून किंचित अधिक वेळ लागेल. बोलपटाच्या २४ चौकटींच्या गतीने तोच ४१ मिनिटांत आटोपेल. घरच्या पडद्यावर मूकपटांतील माणसे दुडदुडत धावताना दिसतात आणि मुले हसतात, ते या हिशेबाच्या चुकीने. सत्त्वासाठी राज्यावर पाणी सोडणारा राजा विदूषकासारखा लगबगीने चालताना दिसावा, याहून मोठी अपभ्रष्ट प्रत ती कोणती?

या तिन्हींच्याही तळाशी याहून मोठा प्रश्न आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकास हलविला, आणि १९१७ साली तीच कथा 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी पहिली व शेवटची रिळे जतन झाली, ती १९१३ च्या चित्रपटाची नसून १९१७ च्या आवृत्तीची आहेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल तर ज्या चित्राकडे बोट दाखवून आपण 'हा भारताचा पहिला चित्रपट' म्हणतो, ते मुंबईत घेतलेले चित्र नसून नाशिकात घेतलेले ठरते. आम्हां नाशिककरांना या निष्कर्षाचा आनंद व्हावा की दुःख, हे ठरविणे कठीण आहे! पण जेथे प्रत कोणती हेच वादग्रस्त, तेथे तिच्यावर रंग चढवून, ओरखडे पुसून, 'मूळ चित्रपट' अशी मोहोर उमटवून ती घरोघर धाडणे म्हणजे वाद मिटण्यापूर्वीच निकाल लिहून ठेवणे होय.

रंगीत फितीचा इतिहास पाहिला तर हा गुंता अधिकच वाढतो. कोल्हापुरास प्रभात कंपनीने शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली १९३३ साली 'सैरंध्री' घेतला व रंगीत प्रती काढण्याकरिता तो जर्मनीस नेला. दोन रंगांच्या त्या पद्धतीत एक फीत नारिंगी-तांबड्या अंगाची व दुसरी हिरव्या-निळ्या अंगाची. अर्थात् शुद्ध पिवळा किंवा शुद्ध जांभळा तीत उतरणे शक्यच नव्हते. रंग मनासारखे आले नाहीत आणि प्रभातने पुढे बराच काळ तो नाद सोडला. अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने १९३७ साली 'किसान कन्या' येथल्या येथे रंगीत केला, तोही दोन रंगांचाच. समजा, 'सैरंध्री'ची अशी एखादी दुरंगी प्रत आज हाती आली, आणि आजच्या यंत्रांनी तिच्यात हरवलेला पिवळा व जांभळा भरता आला, तर तो भरावा काय? आमचे स्पष्ट मत आहे की, भरू नये. कृष्णेचा शालू त्या वर्षी पडद्यावर जसा फसला तसाच तो आपणांस दिसला पाहिजे. कारण ते अपयश हाच त्या प्रतीतील इतिहास आहे. अपयश पुसले तर धाडसही पुसले जाते.

१९५० नंतर आलेल्या ईस्टमनकलर फितीने रंगीत चित्रपट स्वस्त झाला, पण एक निराळेच संकट आणले. तिच्यात रंगांचे तीन थर एकावर एक असतात, आणि हे तिन्ही सारख्या वेगाने विटत नाहीत. जुन्या प्रतींत हिरवट-निळा थर बहुधा आधी जातो. मग सारे चित्र गुलाबी-तांबडे होऊन बसते, जणू सबंध गावावर कोणी गुलाल उधळला आहे. पूर्वीच्या पुष्कळ तबकड्या अशा विटलेल्या प्रतींवरून काढीत. आता आमच्या स्नेह्यांच्या घरचा वाद वाचकांच्या ध्यानात येईल. जांभळ्या वस्त्रातून निळा अंश उडून गेला की जे उरते ते डाळिंबी. म्हणून चिरंजीवांचे म्हणणे शास्त्रास धरून होते. परंतु निगेटिव्हही कालांतराने विटते, आणि गेलेला निळा अंश परत आणताना तो किती आणावयाचा हे यंत्र सांगत नाही. ते यंत्रापुढे बसलेला मनुष्य आपल्या डोळ्याने ठरवितो. त्याचा डोळा आजच्या चित्रांवर पोसलेला असतो. त्यास आजचे निळसर अंधार व नारिंगी चेहरे आवडत असले, तर तो नकळत जुन्या चित्रासही तीच कांती देतो. रोगण लावणाऱ्या हातांची ही कथा नवी नाही. १९२० च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने अजिंठ्याच्या चित्रांचे रक्षण व्हावे म्हणून इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनी सद्हेतूनेच चित्रांवर लाखेचे रोगण दिले. ते पुढे पिवळे पडले, आणि मूळचे रंग पुन्हा दिसावे म्हणून पुराणवस्तू खात्यास ते उतरवीत बसावे लागले. तेथे निदान रोगणाखाली भिंत शाबूत होती.

मग मूळ कर्त्यालाच विचारावे, असे कोणी सुचवील. तोही मार्ग वाटतो तितका सरळ नाही. अमेरिकेतील दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी १९७१ च्या आपल्या 'द फ्रेंच कनेक्शन' या चित्रपटाची घरगुती आवृत्ती २००९ साली काढताना स्वतःच रंगांत मोठा फेरफार केला. त्यावर त्या चित्रपटाचे छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी उघडपणे कडक निषेध नोंदविला, आणि २०१२ साली मूळ वळणाच्या रंगांची दुसरी आवृत्ती निघाली. दिग्दर्शक कर्ता खरा. पण छायाचित्रकारही कर्ताच, आणि अडतीस वर्षांनंतरचा दिग्दर्शक तरी तोच मनुष्य असतो काय? आपल्याकडे 'मुघल-ए-आझम' १९६० साली प्रदर्शित झाला तेव्हा त्याचा थोडाच भाग रंगीत होता. २००४ साली तो सबंध रंगवून चित्रमंदिरांत आला. के. आसिफ यांना सारा चित्रपट रंगीत हवा होता, म्हणून ही त्यांचीच इच्छापूर्ती, असे समर्थन करण्यात आले. इच्छा होती हे मान्य केले तरी प्रेक्षकाने जे पाहिले ते इच्छेचे चित्र नव्हे, फितीचे चित्र होय. काळ्यापांढऱ्या दालनांतून एकाएकी शीशमहालाच्या रंगांत पाऊल पडताच जो चमत्कार १९६० च्या प्रेक्षकाने अनुभवला, तो सारेच रंगीत केल्यावर राहिला कोठे?

याचा अर्थ जुन्या चित्रपटांना हात लावू नये असा कोणी घेऊ नये. हात न लावणे म्हणजे त्यांना मरू देणे. जुन्या नायट्रेट फितीचा स्वभावच जळण्याचा. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यास, एके काळच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात ठेवलेल्या अशा फितींचा मोठा साठा आगीत नष्ट झाला. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळवून जतन केले नसते, तर १९१९ च्या 'कालियामर्दना'त मुलगी मंदाकिनी हिने उभा केलेला बाळकृष्ण आज आपणांस दिसलाच नसता. सत्यजित राय यांच्या अपूविषयक तीन चित्रपटांची निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतील आगीत होरपळली. ती करपलेली, आखडलेली फीत इटलीतील बोलोन्या येथे कारागिरांनी धीराने मऊ करून, सांधून, चौकट-चौकट उतरविली; जेथे ती वाचण्यापलीकडे गेली होती तेथे अन्य देशांतील प्रती मिळवून गाळलेल्या जागा भरल्या; आणि २०१५ साली ते चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. आपल्या मनचे काही न घालता, जे गेले ते दुसऱ्या अस्सल प्रतीतून आणावयाचे, हीच पाठशुद्धी.

आणि पाठशुद्धीचे शास्त्र आपणांस परक्यांकडून शिकावे लागणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. सुकथनकर प्रभृती पंडितांनी १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली. ते कार्य १९६६ साली पूर्णतेस गेले. ज्याने त्या आवृत्तीचे पान उघडले आहे त्यास दोन गोष्टी दिसल्या असतील. स्वीकारलेला पाठ वर, आणि नाकारलेले सारे पाठभेद तळाशी, कोणत्या प्रतीत काय आहे या नोंदीसह. दुसरी गोष्ट याहून मोलाची: जेथे संपादकांची स्वतःचीच खात्री नाही, त्या अक्षरांखाली त्यांनी नागमोडी रेघ ओढून ठेवली आहे. एवढ्या व्यासंगी माणसांना 'येथे आम्ही साशंक आहो' असे छापण्यात कमीपणा वाटला नाही.

चित्रपटाच्या घरगुती आवृत्तीस ही नागमोडी रेघ हवी. तबकडीच्या वेष्टनावर 'नव्याने उजळलेली' हे दोन शब्द छापून भागणार नाही. कोणत्या प्रतीवरून उतरविली, ती प्रत निगेटिव्ह की चित्रमंदिरातून फिरलेली, रंगांसाठी कोणता आधार घेतला, कोणत्या रिळात केवळ अंदाज केला, चित्राच्या कडा कापल्या काय, इतके सांगणे अशक्य नाही. फितीचे कण हा तिचा देह आहे. ते घासूनपुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत केले असतील तर तेही सांगावे. आणि उजळणी कितीही सुंदर साधली तरी जिच्यावरून ती केली ती फीत टाकून देऊ नये. उद्याच्या संपादकास आपल्याहून चांगली यंत्रे, आणि कदाचित आपल्याहून अधिक विनय, लाभलेला असेल.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे आणि तो अवाजवी नाही. मुले ओरखड्यांची, करड्या रंगाची चित्रे पाहत नाहीत. रंगवून दिली तरच पाहतील. आणि न पाहिलेला शुद्ध पाठ काय कामाचा? यास आमचे उत्तर असे की, रंगवून जरूर द्यावीत, पण निराळ्या नावाने द्यावीत. श्रीधराचा 'रामविजय' महाराष्ट्रात घरोघर वाचला गेला. त्याच्या गोडीने वाल्मीकींचा काही तोटा झाला नाही, कारण श्रीधराने त्यास वाल्मीकिरामायण म्हटले नाही. रंगविलेला हरिश्चंद्र ही नवी रचना समजावी, तिच्यावर रंगविणाऱ्याचे नाव घालावे, आणि शेजारी मूळ पाठ, योग्य गतीने, ओरखड्यांसह ठेवावा. मुलाने आज नवी रचना पाहिली तरी उद्या त्यास मूळ पाहण्याचा मार्ग खुला असला म्हणजे झाले.

राहता राहिला शालू. लेखाचे टिपण करीत असता आम्ही पुन्हा त्या घरी गेलो आणि मातोश्रींना विचारले की, डाळिंबी रंगाविषयी त्यांची एवढी खात्री कशावरून? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चित्रमंदिराच्या दाराशी काचेच्या कपाटात चित्रे लावलेली असत. रांगेत तासभर उभी होते, तेवढा वेळ तो शालूच पाहत होते." दारातील ती चित्रे बहुधा काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवर हाताने रंग भरून केलेली असत, हे आम्ही त्यांना सांगितले. त्या हसल्या, म्हणाल्या, "असेल. मग पडद्यावरचा कोणता होता ते मला सांगता यायचे नाही." चिरंजीवांनी दोन्ही तबकड्या तेव्हापासून जपून ठेवल्या आहेत, आणि दोहोंच्या वेष्टनांवर आपल्या हाताने एकेक ओळ लिहिली आहे: एकीवर 'विटलेल्या प्रतीवरून', आणि दुसरीवर 'रंग अंदाजाने'.